आधी संशय कशावर?

अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डेव्हिड स्मिथ नावाचे एक इंजिनिअर होते. नोकरीची चाळीस वर्षे उलटून गेली होती. कंपनीचे डिझेल-इलेक्ट्रिक रेल्वे इंजिन कुठेही अडून बसले आणि तिथल्या दुरुस्तीशाळेने हात टेकले, की स्मिथ यांना बोलावणे जाई. ते जाऊन बिघाड शोधून देत आणि तिथल्या तरुण इंजिनिअरांना तो समजावूनही सांगत. १९८० च्या सुमाराला कंपनीला जाग आली. स्मिथ निवृत्तीला टेकले होते आणि त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस नव्हता. अनुभवी माणसाच्या हाताखाली उमेदवार द्यायची रीत कंपनीत होती. पण असा एक माणूस तयार व्हायला वर्षे लागतात, आणि तयार झालेला माणूस तरी एका वेळी एकाच ठिकाणी असणार. तेव्हा कंपनीच्या संशोधन केंद्राने वेगळाच घाट घातला: स्मिथ यांच्या डोक्यात आहे ते संगणकात उतरवायचे.

त्यातून जी प्रणाली तयार झाली तिचे नाव डेल्टा. कॅट्स-१ असेही तिला म्हणत. १९८१ मध्ये ‘हे जमते का’ एवढे पाहण्यापुरती जी आवृत्ती केली तिच्यात ४५ नियम होते. १९८३ पर्यंत ते ५३० झाले. सुरुवात लिस्प या भाषेत झाली, पण दुरुस्तीशाळेत ठेवता येईल अशा लहान संगणकावर चालावी म्हणून ती पुढे फोर्थ भाषेत नव्याने लिहिली. मेकॅनिकने पडद्यावरच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. उत्तर देण्यासाठी एखादा भाग कुठे आहे हे माहीत नसेल तर त्याचे चित्र समोर येई, आणि बिघाड सापडला की तो दुरुस्त कसा करायचा याची फिल्म व्हिडिओ-डिस्कवरून दिसे. आज मोबाइलवर कोणीही असली फिल्म बघतो. त्या काळी तेलकट हातांच्या माणसासाठी एवढी सोय करणे ही नवलाईच होती.

इथे डिझेल-इलेक्ट्रिक म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवे. या गाडीत डिझेल इंजिन थेट चाके फिरवत नाही. ते जनित्र फिरवते, जनित्राची वीज आसांवरच्या मोटारींना मिळते आणि मोटारी चाके फिरवतात. म्हणजे एकाच धुडात तेल, पाणी, हवा आणि वीज अशा चारही यंत्रणा एकमेकींत गुंतलेल्या. ‘गाडी लोड घेत नाही’ ही तक्रार एकाच ओळीची, पण तिचे मूळ तुंबलेल्या फिल्टरमध्ये असू शकते, गव्हर्नरमध्ये असू शकते, जनित्राच्या उत्तेजनात असू शकते किंवा सैल झालेल्या एखाद्या टर्मिनलमध्येही. पुस्तकात लिहिलेले असते ते कारणाकडून परिणामाकडे: फिल्टर तुंबला की दाब पडतो. मेकॅनिकसमोर उभा असतो तो परिणाम. त्याला उलटे चालत जायचे असते, आणि उलट्या वाटेवर दर पावलाला फाटे फुटतात.

डेल्टाचा एक नियम या विषयावरच्या लेखनात नेहमी दाखवला जातो, आणि तो पाहण्यासारखाच आहे. त्याचा आशय असा: इंजिन आयडलवर ठेवलेले आहे, इंधनाचा दाब नेहमीपेक्षा कमी आहे, हा दाब प्रेशर गेज लावून मोजलेला आहे, आणि ते गेज स्वतः ठीक आहे. एवढे सगळे खरे असेल तर बिघाड इंधन यंत्रणेत आहे.

पहिली दोन कलमे कोणीही शिकाऊ इंजिनिअर लिहील. खरी चाळीस वर्षे शेवटच्या कलमात आहेत. दाब कमी ‘दिसतो’ आणि दाब कमी ‘आहे’ यांतले अंतर ज्याने एकदा अंगावर घेतले आहे, चांगला पंप खोलून पुन्हा बसवला आहे आणि मग काटाच अडकलेला होता हे पाहिले आहे, तोच माणूस हे कलम घालायला विसरत नाही. मला वाटते, बिघाड शोधणाऱ्या तज्ज्ञाकडची खरी पुंजी यंत्राच्या माहितीपेक्षा संशयाच्या क्रमात असते. माहिती मॅन्युअलमध्येही असते. आधी कशावर संशय घ्यायचा, कशावर नंतर आणि कशावर घ्यायचाच नाही, हे मॅन्युअल सांगत नाही.

गेजवर संशय न घेतल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे १९७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात दिसले. हा प्रकार घडला थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात, २८ मार्चच्या पहाटे. दाब कमी करण्यासाठी उघडलेला एक वॉल्व्ह बंद व्हायला हवा होता. तो उघडाच अडकला. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझला, आणि चालकांनी वॉल्व्ह बंद झाला असे धरले. प्रत्यक्षात तो दिवा वॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. वॉल्व्ह बंद करण्याचा विद्युत हुकूम गेला आहे, एवढेच तो सांगत होता. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकदम वाजू लागले. चालकांना अणुभट्टीत पाणी जास्त झाले असे वाटले आणि त्यांनी संकटकाळी आपोआप सुरू झालेला पाणीपुरवठा उलट कमी केला. गळती थांबायला दोन तासांहून अधिक वेळ गेला, आणि गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला. माणसे अडाणी नव्हती, प्रशिक्षित होती. पण शंभर इशाऱ्यांमधून मूळचा एक कोणता आणि त्याची पिलावळ कोणती हे निवडून देणारे त्यांच्याजवळ कोणी नव्हते. अशा क्षणी शेजारी बसून सल्ला देणारी संगणक प्रणाली हवी, हा विचार नंतरच्या दशकात वीज केंद्रांमध्ये जोर धरू लागला.

अशा प्रणाल्यांना एक्स्पर्ट सिस्टिम किंवा तज्ज्ञ प्रणाली म्हणतात. त्यांचा उगम कारखान्यात झालेला नाही. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी मायसिन नावाची प्रणाली केली. रक्तातला जंतुसंसर्ग कोणत्या जंतूचा आणि औषध कोणते द्यावे, हे ती सांगे. सुमारे पाचशे नियम होते. रुग्णांवर रोजच्या वापरात ती कधी आली नाही, पण तिच्या रचनेतली एक गोष्ट फार कामाची निघाली. नियम एका बाजूला आणि नियमांवरून तर्क चालवणारे यंत्र दुसऱ्या बाजूला, अशी तिची फाळणी होती. वैद्यकाचे नियम काढून घेतले तर मागे एक रिकामा सांगाडा उरतो, आणि त्यात दुसऱ्या कुठल्याही विषयाचे नियम भरता येतात. अशा सांगाड्याला ‘शेल’ म्हणतात. जंतूंच्या जागी बेअरिंग आणि पंप आले ते या वाटेने.

तर्क चालतो कसा? दोन तऱ्हा आहेत. एक पुढे चालणारी: जे दिसते आहे त्याला लागू पडणारे नियम लावत जायचे आणि निष्कर्ष निघेल तो घ्यायचा. दुसरी मागे चालणारी: आधी एक संशयित पकडायचा, तो दोषी ठरायला काय काय खरे असावे लागेल ते नियमांतून काढायचे आणि तेवढेच प्रश्न विचारायचे. डेल्टामध्ये दोन्हींची सांगड होती. मागे चालणाऱ्या तऱ्हेचा मोठा फायदा असा की मेकॅनिकला उगाच पन्नास गोष्टी मोजायला लावल्या जात नाहीत.

पुन्हा, पुरावा नेहमी शंभर टक्क्यांचा नसतो. मायसिनने त्यासाठी एक साधा हिशेब वापरला. एका लक्षणावरून अमुक बिघाडाची खात्री ०.६ वाटते, दुसऱ्या स्वतंत्र लक्षणावरून ०.५. दोन्ही मिळून १.१ होणार नाही, कारण पूर्ण खात्री म्हणजे १. म्हणून पहिल्या लक्षणानंतर जी ०.४ शंका उरली तिच्यातली निम्मी दुसऱ्या लक्षणाने मिटवायची. ०.६ मध्ये ०.२ मिळवले की ०.८. शुद्ध संभाव्यताशास्त्राच्या अभ्यासकांनी या हिशेबावर पुष्कळ नाके मुरडली, आणि त्यांचे आक्षेप खरेही होते. तरी तो टिकला, कारण अनुभवी माणूस ‘बहुतेक हेच असणार’ आणि ‘असू शकेल’ यांत जो फरक करतो तो त्यात बऱ्यापैकी उतरत होता.

संशयाचा क्रम मात्र खात्रीवर एकट्यावर ठरत नाही. समजा, दोन संशयित आहेत. पंप खराब असण्याची शक्यता ५० टक्के, पण तो उतरवून तपासायला चार तास लागतात. फिल्टर तुंबला असण्याची शक्यता २० टक्केच, पण तो दहा मिनिटांत पाहून होतो. नवखा माणूस जास्त शक्यता म्हणून पंपाकडे धावेल. आधी पंप तपासला तर चार तास गेलेच, वर निम्म्या वेळा आणखी दहा मिनिटे. सरासरी २४५ मिनिटे. आधी फिल्टर पाहिला तर दहा मिनिटे, आणि शंभरातल्या ऐंशी वेळा नंतर चार तास. सरासरी २०२ मिनिटे. जुना फिटर कागद-पेन्सिल घेत नाही, तो सरळ फिल्टर उघडतो. त्याला कारण विचारले तर ‘अहो, ते सोपं आहे ना, बघून घ्यायचं’ एवढेच सांगेल. या एका वाक्यात वरचा सगळा हिशेब असतो. ते वाक्य ऐकून नियमात उतरवणारा माणूस मात्र मिळावा लागतो.

या उतरवण्याच्या कामाचे सर्वांत गाजलेले उदाहरण कॅम्पबेल या सूप बनवणाऱ्या कंपनीचे. डबाबंद सूप टिकायचे तर बोटुलिनम जंतूचे बीजाणू मरायला हवेत, आणि ते उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. त्यासाठी सुमारे १२१ अंश सेल्सियसची वाफ लागते. एवढी तापलेली वाफ म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जवळपास एक वातावरण जास्त दाब. डबे तर साखळीवरून अखंड आत जाणार आणि बाहेर येणार. दार लावून कोंडायची सोय नाही. मग वाफेच्या दालनाला दोन्ही बाजूंनी पाण्याचे उंच स्तंभ लावतात. दहा मीटर पाणी एका वातावरणाचा दाब तोलून धरते, आणि डबे त्या पाण्यातूनच ये-जा करतात. म्हणूनच हे यंत्र उंच असते. कॅम्पबेलचे ७२ फूट होते, म्हणजे सातएक मजल्यांएवढे, आणि त्याच्या पोटात एका वेळी ६८,००० डबे मावत. ते बंद पडले की पुढचे सगळे काम तुंबणार, मागचे साठणार आणि आत अडकलेले डबे शिजून वाया जाणार.

या यंत्रांची नस ओळखणारे गृहस्थ होते आल्डो सिमिनो. त्यांचीही नोकरी चाळीस वर्षांच्या वर गेलेली, आणि तेही निवृत्तीच्या उंबरठ्यावर. बिघाड झाला की फोन त्यांना, आणि फोनवर भागले नाही तर विमान. १९८४-८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची माणसे कित्येक महिने त्यांच्याबरोबर बसली. शेवटी १५१ नियम निघाले आणि ती प्रणाली कारखान्यातल्या साध्या वैयक्तिक संगणकावर चालू लागली.

एकशे एक्कावन्न. चाळीसहून अधिक वर्षांचा अनुभव आणि नियम एवढेच? हा आकडा वाचून सिमिनोंना कमी लेखण्याचा मोह होतो, पण अर्थ बरोबर उलटा आहे. एवढ्या मोठ्या यंत्रात काय काय बिघडू शकते याची यादी केली तर ती हजारांच्या घरात जाईल. ती दीडशेवर आणून ठेवणे, बाकीचे सोडून देण्याची हिंमत असणे, हेच कौशल्य.

पण हे नियम माणसाच्या तोंडून बाहेर पडत नाहीत. तज्ज्ञ प्रणालींचे एक अध्वर्यू एडवर्ड फायगेनबाम यांनी फार लवकर सांगून ठेवले होते की गाडी अडते ती इथेच: संगणकाचा वेग किंवा तर्काची रीत यांवर नाही, ज्ञान काढून घेण्यावर. तज्ज्ञाला ‘तुम्ही बिघाड कसा शोधता’ असे विचारले की दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक तर तो प्रशिक्षणवर्गात शिकवलेले पाठ म्हणून दाखवतो, जे तो स्वतः कधीच पाळत नाही. नाही तर म्हणतो, ‘त्यात सांगायचं काय, बघितलं की कळतं.’ तो लपवत नसतो. खरोखरच त्याला सांगता येत नाही. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतोस ते विचारून पाहा.

हे काम करणाऱ्यांना नॉलेज इंजिनिअर म्हणत, आणि त्यांनी काही युक्त्या शोधल्या. ‘कसे शोधता’ विचारायचे नाही. ‘गेल्या खेपेला काय झाले होते’ असे विचारायचे. प्रसंग सांगताना माणूस तपशील देतो: आधी काय ऐकले, हात कुठे लावला, कोणाला काय विचारले. मग त्या प्रसंगात एक गोष्ट बदलून पाहायची. पाणी गरम नसते तर? आवाज सुरुवातीलाच आला असता तर? दुसरी युक्ती आणखी नामी. थोड्या नियमांवर एक कच्ची प्रणाली उभी करायची आणि तज्ज्ञासमोर ठेवायची. ती काहीतरी चुकीचे बोलतेच. आठवडाभर ज्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता तो माणूस ताडकन म्हणतो, ‘छे, छे! वाफ कोंडलेली असताना कशाला तिथे हात घालायचा?’ झाला नवा नियम. चुकीचे उत्तर समोर दिसले की जाणकाराला गप्प बसवत नाही, हा मनुष्यस्वभाव इथे भांडवल म्हणून वापरला जातो. म्हणूनच असल्या प्रणालींतले नियम एका बैठकीत होत नाहीत. ते टप्प्याटप्प्याने वाढतात.

मायसिनची दुसरी देणगी म्हणजे उलट प्रश्न विचारायची सोय. प्रणालीने ‘गेज तपासले का’ असे विचारले, की मेकॅनिक ‘का विचारतेस’ असे टाइप करू शके. प्रणाली त्या वेळी जो नियम तपासत असेल तो पुढे ठेवी. निष्कर्ष आल्यावर ‘कशावरून’ असे विचारले, तर सगळी साखळी मांडून दाखवी. ही वरकरणी किरकोळ सोय दुरुस्तीच्या कामात मात्र निर्णायक ठरते. मशीन खोलायचे, उत्पादन थांबवायचे, सही करायची, या गोष्टी माणसाच्या माथ्यावर असतात. ज्याला कारण सांगता येत नाही त्याच्या शब्दावर कोणता सुपरवायझर शटडाऊन घेईल?

सगळेच क्षेत्र तोंडी प्रश्नोत्तरांवर अडले नव्हते. फिरत्या यंत्रांचे कंपन मोजणे हा एक प्रांत असा आहे की तिथे नियम आधीच बऱ्यापैकी आखलेले होते. मिनिटाला १४८० फेऱ्यांची मोटर म्हणजे सेकंदाला साधारण २४.७ फेरे. कंपन नेमके त्याच वारंवारतेचे आणि आसाला आडवे असेल तर रोटरचा तोल गेलेला असण्याचा संशय. दुप्पट वारंवारतेचे आणि आसाच्या दिशेने जोरात असेल तर कपलिंगची अलाइनमेंट बघायची. पूर्णांकात न बसणाऱ्या पटीचे असेल तर बेअरिंग. नऊ गोळ्यांच्या बेअरिंगची बाहेरची रिंग चिरली असेल तर कंपन फेऱ्यांच्या सुमारे ३.६ पट येते, आतली चिरली असेल तर सुमारे ५.४ पट. जनरल मोटर्सने या कामासाठी एक तज्ज्ञ प्रणाली केली आणि तिला आपल्या कंपन-तज्ज्ञाचे नाव दिले: चार्ली. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या सत्काराची ही पद्धत मला शाल-श्रीफळापेक्षा बरी वाटते.

आता उणी बाजू. तज्ज्ञ प्रणालीला सांगितले तेवढेच कळते, आणि आपल्याला कळत नाही हे मात्र कळत नाही. नियमांच्या कक्षेबाहेरचा बिघाड आला की ती त्यालाही जवळच्या एखाद्या नियमात कोंबू पाहते. दुसरे म्हणजे यंत्रे बदलतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही संगणक कंपनी ग्राहकांच्या मागणीप्रमाणे संगणकाचे भाग जुळवण्यासाठी एक्सकॉन नावाची तज्ज्ञ प्रणाली वापरत असे. तिचे नियम हजारोंवर गेले, आणि नवी मॉडेले येत राहिल्यामुळे दर वर्षी त्यांतले जवळपास निम्मे बदलावे लागत. यंत्राची देखभाल करायला आणलेल्या प्रणालीचीच देखभाल करायला माणसे लागावीत, अशातला तो प्रकार. १९८० च्या दशकात या विषयावर पैशांचा पाऊस पडला आणि दशक संपता संपता तो आटला, त्याचे एक कारण हेच.

त्यावर एक उतारा निघाला तो वेगळ्या विचारातून. लक्षणांचे नियम लिहिण्याऐवजी यंत्राचीच रचना संगणकाला द्यायची: कोणता भाग कशाला जोडलेला आहे आणि ठीक असताना प्रत्येकाने कसे वागावे. मग प्रत्यक्ष मोजमाप आणि अपेक्षित वागणूक यांत कुठे फट पडते ते पाहून, कोणते भाग बिघडले असे मानले तर फट मिटते हे संगणकाने शोधायचे. रेमंड रायटर यांनी आणि योहान डी क्लीर व ब्रायन विल्यम्स या जोडीने १९८७ मध्ये याची पायाभूत मांडणी केली. विल्यम्स यांचा सहभाग असलेली लिव्हिंगस्टन ही अशीच एक प्रणाली पुढे नासाच्या डीप स्पेस १ या यानावर चढली. मे १९९९ मध्ये यान पृथ्वीपासून साडेनऊ कोटी किलोमीटरहून दूर असताना तिच्यापुढे मुद्दाम खोटे बिघाड मांडले गेले, आणि तिने ते ओळखून मार्ग काढले. तिथे मेकॅनिक पाठवायची सोय नव्हतीच.

आपल्याकडे हे वारे १९८६ मध्ये आले. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा प्रकल्प सुरू केला. मुंबईत जुहूला असलेल्या एनसीएसटी या संस्थेने ‘विद्वान’ नावाचे शेल तयार केले. ही संस्था नंतर सी-डॅकमध्ये सामील झाली. पण मला याहून जवळचे उदाहरण वाटते ते रेल्वेचे. लोको पायलटजवळ ट्रबल शूटिंग डिरेक्टरी असते. जुन्या विद्युत इंजिनात क्यूएलएम नावाचा संरक्षक रिले पडला तर काय करायचे ते तिच्यात पायरीपायरीने दिलेले असते: ट्रान्सफॉर्मरभोवती तेल उडालेले दिसते का, धूर किंवा जळका वास आहे का ते पाहा, काही नसेल तर रिले पुन्हा बसवून गाडी काढा, दुसऱ्यांदा पडला तर मात्र हट्ट करू नका, इंजिन निकामी जाहीर करा. ही कागदावरची तज्ज्ञ प्रणालीच आहे. भर जंगलात, मागे अडीच हजार टन माल, पुढे सिग्नल हिरवा अशा वेळी माणसाने विचारांत गुंतू नये म्हणून कोणीतरी आधीच विचार करून ठेवला आहे. ‘दुसऱ्यांदा पडला तर हट्ट नको’ हे कलम ज्याने घातले त्याने कधीतरी जळलेला ट्रान्सफॉर्मर पाहिलेला असणार.

आता सेन्सर स्वस्त झाले आहेत. बेअरिंगचे तापमान, कंपन, तेलातले धातूचे कण, सगळे चोवीस तास नोंदले जाते आणि त्या आकडेवारीतून संगणक स्वतःच खुणा शिकतो. नियम कोणी सांगावे लागत नाहीत. हे नव्या तंत्राचे मोठे बळ आहे, आणि बिघाड व्हायच्या आधीच कुणकुण लागण्यात ते जुन्या प्रणालींच्या कितीतरी पुढे आहे. पण एक गोम आहे. शिकायला उदाहरणे लागतात, आणि नीट सांभाळलेले यंत्र फारसे बिघडतच नाही. जो बिघाड दहा वर्षांत एकदा होतो आणि झाला की कारखाना आठवडाभर बसवतो, त्याची उदाहरणे आकडेवारीत सापडत नाहीत. ती कोणाच्या तरी आठवणीत असतात. शिवाय सेन्सरच खोटे बोलत असेल तर सगळे शिकणे त्या खोट्यावर उभे राहते. म्हणून जाणती मंडळी आज दोन्ही जोडतात: खुणा आकडेवारीतून, क्रम आणि कारणे माणसाच्या नियमांतून. मॅन्युअले वाचून गप्पा मारणारे नवे भाषाप्रारूप मदतनीस म्हणून चांगले. पण ते मॅन्युअलमध्ये नसलेली गोष्टही त्याच ठाम सुरात सांगू शकते, एवढे ध्यानात ठेवून.

चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी इथल्या कारखान्यांत जुने फिटर आणि फोरमन दर महिन्याला निवृत्त होत आहेत. ज्यांच्या हाती मेंटेनन्स विभाग आहे त्यांना एक विनंती. अशा माणसाचा निरोप समारंभ ठरायच्या सहा महिने आधी त्याच्याकडून रोजची धावपळ काढून घ्या आणि एक चौकस पोरगा किंवा पोरगी त्याच्याशेजारी बसवा. तीन रकान्यांची एक वही द्या: लक्षण काय होते, आधी काय तपासले आणि का, शेवटी काय निघाले. प्रत्येक ब्रेकडाऊननंतर ती भरून घ्या, आणि पोराने चुकीचे लिहिले असेल तर म्हाताऱ्याला मनसोक्त चिडू द्या. सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे ते नंतर ठरवता येईल.